जहाजावरील शौचकूप व यू-१२०६ ची हकीकत

युरोपीय आरमारांच्या इतिहासांत तोफा, शिडें व सेनापति यांविषयीं विपुल लेखन झालें आहे. परंतु शेंकडों माणसें महिनोन्‌महिने ज्या लांकडी घरांत कोंडून राहात, तेथें मलविसर्जनाची सोय काय होती, हा प्रश्न बहुधा शिष्टाचारास्तव टाळला जातो. विषय किळसवाणा आहे खरा. पण एक युद्धनौका याच सोयीपायीं बुडाली असें सांगतात, तेव्हां त्याची छाननी करणें प्राप्त आहे.

शिडांच्या जहाजांवर ही सोय नाळेवर, म्हणजे अगदीं पुढच्या टोंकास असे. आडव्या शिडांचें जहाज प्रायः पाठीमागून किंवा बाजूनें येणाऱ्या वाऱ्यावर चाले. त्यामुळें दुर्गंधि पुढें निघून जाई व उसळणाऱ्या लाटा ती जागा आपोआप धुऊन काढीत. इंग्रज खलाशी शौचकूपास अद्यापि 'हेड' म्हणतात तें यामुळेंच. स्टॉकहोम येथें इ. स. १६२८ मध्यें बुडालेलें व १९६१ मध्यें वर काढलेलें 'वासा' हें जहाज पाहावें. सुमारें साडेचारशें माणसांसाठीं बांधलेल्या या जहाजाच्या नाळेवर बैठकी दोनच! अधिकाऱ्यांची व्यवस्था अर्थातच पिछाडीस, आडोशाची. वादळी रात्रीं साध्या खलाशाचे काय हाल होत असतील तें सांगावयास नको. तथापि या पद्धतींत एक मोठा गुण होता. तिच्यासाठीं पाण्याखालीं एकही छिद्र पाडावें लागत नव्हतें.

पुढें शौचकूप जहाजाच्या पोटांत आला आणि हा गुण नाहींसा झाला. लहान शिडाच्या होडींत हें यंत्र बसवितात तेव्हां बुडास दोन छिद्रें पाडावीं लागतात. एकांतून समुद्राचें पाणी आंत ओढावयाचें, दुसऱ्यांतून मैला हातपंपानें बाहेर लोटावयाचा. प्रत्येक छिद्रावर झडप असते. भांडें जर बाहेरच्या पाण्याच्या पातळीखालीं असेल, तर नळी त्या पातळीच्या बरीच वर नेऊन कमानीसारखी वांकवितात व माथ्यावर हवा आंत घेणारी लहान झडप ठेवितात. ती नसल्यास नळीची वक्रनलिका बनते आणि झडप उघडी राहिलेली होडी किनाऱ्यास बांधलेली असतांनाच गुपचूप भरत जाते.

पाणबुडींत हीच अडचण शतपट वाढते. दर १० मीटर खोलीस पाण्याचा दाब एका वातावरणाइतका वाढतो. म्हणून जर्मन पाणबुड्यांचे शौचकूप प्रथम उथळ पाण्यांतच वापरतां येत. सुमारें ५० माणसांमागें शौचकूप दोन, व त्यांपैकीं एकांत बहुधा शिधा भरलेला! दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस खोल पाण्यांतही चालणारें यंत्र आलें, पण त्याच्या झडपा ठराविक क्रमानेंच फिरवाव्या लागत.

ता. १४ एप्रिल १९४५ रोजीं स्कॉटलंडच्या पीटरहेड गांवाजवळ यू-१२०६ या पाणबुडींत पाणी शिरलें. खालच्या बॅटऱ्यांशीं खारें पाणी मिळून क्लोरिन वायु सुटला, व पाणबुडी वर आणणें भाग पडलें. ब्रिटिशांचा हल्ला झाल्यावर कप्तान कार्ल-अडोल्फ श्लिट यानें ती बुडवून टाकली. चौघे मेले, ४६ वांचले.

येथवर वाद नाहीं. वाद आहे तो पाणी शिरण्याच्या कारणाविषयीं. लोकप्रिय कथा अशी कीं, कप्तानानेंच शौचकूप वापरला, त्याला यंत्र चालवितां येईना, आणि मदतीस बोलाविलेल्या मनुष्यानें भलतीच झडप उघडली. उलट श्लिट याच्या निवेदनाप्रमाणें तो स्वतः इंजिनाच्या दुरुस्तींत गुंतला होता, व पुढच्या शौचकूपाची बाहेरील झडप दुरुस्त करतांना दुसऱ्याच्या हातून हा प्रकार घडला. झडपेची स्थिति दाखविणारी खूण चुकीची असावी असा त्याचा तर्क आहे, मात्र त्यास पुरावा नसल्याचें तोच सांगतो.

निवेदन करणारा स्वतः आरोपी, म्हणून त्याची साक्ष निःपक्षपाती मानतां येत नाहीं. तथापि लोकप्रिय कथा सांगणारे साक्षीदाराचें नांव क्वचितच देतात. ती टिकली ती पुराव्यापेक्षां विनोदाच्या बळावर असें आम्हांस वाटतें. आपल्या तर्कास पुरावा नाहीं हें कबूल करणारा कप्तान आमच्या मतें अधिक विश्वासार्ह होय.

पाणबुडीचे अवशेष १९७० नंतरच्या दशकांत तेलवाहिनीसाठीं समुद्रतळाची पाहणी चालू असतां सांपडले. पुढें त्या जागेच्या पाहणीवरून असें सुचविलें गेलें कीं, त्याच जागीं आधींपासून एक बुडालेलें जहाज असून त्यावर आदळल्यानें पाणी शिरलें असावें. हें खरें ठरल्यास शौचकूपावरील आरोप बराच हलका होईल. परंतु मग कप्तानानें आपल्या निवेदनांत धडकेऐवजीं झडपेचें नांव कां घ्यावें, याचा उलगडा करावा लागेल.