एन्फील्ड बंदुकीचें रूपांतर : एका चुकीची व एका दुरुस्तीची हकीकत

युद्धांचा इतिहास लिहिणारे पंडित सेनापतींचीं नांवें, तहांचीं कलमें आणि रणांगणांचे नकाशे यांकडे जितकें लक्ष देतात तितकें शिपायाच्या हातांतील हत्याराकडे देत नाहींत. हत्याराकडे लक्ष गेलेंच तर तें नव्या शोधाकडे जातें. जुनें हत्यार कापून, कोरून, त्यास नवा भाग जोडून पुन्हां कामास लावण्याची जी खटपट प्रत्येक सरकारास वेळोवेळीं करावी लागली, तिची हकीकत कारखान्यांच्या दप्तरांतच पडून राहते. वस्तुतः राज्यकर्त्यांचें मन जाहीरनाम्यांपेक्षां अशा खटपटींत अधिक उघडें पडतें. या दृष्टीनें १८५३ सालच्या एन्फील्ड बंदुकीचा वृत्तांत आम्हांस फार बोधप्रद वाटतो. या एकाच बंदुकीचें दहा वर्षांच्या आंत दोन वेळां रूपांतर झालें. एकदां तिची शक्ति मुद्दाम कमी करण्यासाठीं, आणि एकदां ती वाढविण्यासाठीं. दोन्ही वेळां कामांत चुका झाल्या व दोन्ही वेळां त्या दुरुस्तही झाल्या. परंतु या दोन दुरुस्त्यांचें मोल सारखें नव्हे, हें दाखविण्याचा आमचा हेतु आहे.

एन्फील्ड हें लंडनच्या उत्तरेकडील गांव. तेथील सरकारी कारखान्यावरून या बंदुकीस नांव मिळालें. ती ठासणीची होती. म्हणजे दारू व गोळी नळीच्या तोंडांतून घालून गजानें ठासावी लागे. नळीचा आंतील व्यास ०.५७७ इंच असून तींत तीन मळसूत्री चर कोरलेले असत. गोळी लांबट व तळाशीं पोकळ असे. बार उडतांच तो तळ फुगून चरांत घट्ट बसे आणि गोळी स्वतःभोंवतीं फिरत बाहेर पडे. भोंवरा जसा गतीच्या जोरावर उभा राहतो, तशी ही गोळी फिरण्याच्या जोरावर आपला रोख धरून राही. तिच्या आधींची ‘ब्राउन बेस’ बंदूक आंतून गुळगुळीत, व्यासानें पाऊण इंच. तिच्या वाटोळ्या गोळीचा शंभर यार्डांपलीकडे फारसा भरंवसा नसे. उलट एन्फील्डच्या नेमपट्टीवर ९०० यार्डांपर्यंतच्या खुणा होत्या. एवढ्या एका फरकानें साध्या शिपायाची पोंच कित्येक पटींनीं वाढली.

या बंदुकीचें वंगण लावलेलें काडतूस हिंदुस्थानच्या इतिहासांत कसें गाजलें, हें आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. मात्र त्या प्रकरणांतील एक गोष्ट येथें ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. सरकारनें आपली चूक दुरुस्त करण्याचा प्रयत्न केला नाहीं असें नाहीं. शिपायांनीं आपल्या पसंतीचें वंगण लावावें अशी मोकळीक दिली गेली. काडतूस दांतांनीं न तोडतां हातानें फाडावें अशी कवाईतही बदलण्यांत आली. तरी संशय गेला नाहीं. वंगणावरचा संशय कागदावर गेला. २४ एप्रिल १८५७ रोजीं मीरत येथें ९० स्वारांपैकीं ८५ जणांनीं काडतुसें घेण्याचें नाकारलें, तेव्हां हातानें फाडण्याची नवी रीत त्यांस समजावून सांगण्यांत आली होती. आमच्या महाराष्ट्रांतही ३१ जुलै १८५७ रोजीं कोल्हापूर येथील मुंबई सैन्याची २७ वी पलटण उठली. वस्तु दुरुस्त झाली म्हणजे तिच्याविषयींचें मन दुरुस्त होतेंच असें नाहीं, हा त्या वर्षाचा पहिला धडा होय.

बंड मोडलें आणि संशयाची दिशा उलटली. आतां संशय सरकारच्या मनांत होता. सैन्याची पुनर्घटना कशी करावी याचा विचार करण्यासाठीं १८५८ मध्यें युद्धमंत्री पील यांच्या अध्यक्षतेखालीं एक समिति नेमण्यांत आली, व तिनें पुढील वर्षीं आपला अहवाल दिला. बंगाल्यांत दोन एतद्देशीय शिपायांमागें एक गोरा, मुंबई व मद्रास इलाख्यांत तिघांमागें एक, आणि तोफखाना शक्य तों सर्व गोऱ्यांच्या हातीं, असा तिच्या शिफारशींचा मथितार्थ होता. याच धोरणाचें प्रतिबिंब बंदुकींत पडलें. एतद्देशीय पलटणींच्या हातीं गोऱ्या पलटणींच्या तोडीचें हत्यार असूं नये असें ठरलें. परंतु त्यांस अगदींच टाकाऊ हत्यार देऊनही चालण्यासारखें नव्हतें. कारण सरहद्दीवर व समुद्रापलीकडे लढावयाचें तें याच पलटणींच्या जोरावर. तेव्हां युक्ति निघाली ती अशी, कीं बंदूक एन्फील्डचीच ठेवावी, तिचा दस्ता, घोडा व घडण तीच असावी, फक्त आंतील चर कोरून काढावे.

१८५८ चा नमुना म्हणून प्रसिद्ध असलेली बंदूक ती हीच. नळीचा व्यास ०.५७७ वरून सुमारें ०.६५६ इंचांवर नेण्यांत आला. मळसूत्री चर नाहींसे झाले. दूरच्या अंतराची नेमपट्टी काढून तेथें साधा ठोकळा बसविण्यांत आला. दुरून पाहणारास ही बंदूक एन्फील्डच वाटावी. पण शिपायानें ती खांद्यास लावली म्हणजे तो पुन्हां ब्राउन बेसच्या काळांत जाऊन पडे. शंभर यार्डांपलीकडे नेम धरावा तरी कशास?

राजकारणाच्या दृष्टीनें ही युक्ति बिनचूक वाटली असेल. लोखंडाच्या दृष्टीनें ती चुकीची होती. नळी मूळची ०.५७७ इंच व्यासाच्या मानानें आंखलेली. बाहेरचा घेर तोच ठेवून आंतून कोरल्यामुळें तिची भिंत सर्व बाजूंनीं सुमारें एक मिलिमीटरनें पातळ झाली. एक मिलिमीटर ही कांहीं मोठी गोष्ट नव्हे असें वाचकांस वाटेल. परंतु बंदुकीची नळी ही नुसती पोकळ नळी नसून ती प्रत्येक बाराचा दाब सोसणारें भांडें आहे, व संगीन लावली म्हणजे ती भाल्याचा दांडाही होते. पातळ झालेल्या नळ्या फुगूं लागल्या, वांकूं लागल्या. जें हत्यार केवळ लांबच्या माऱ्यास निकामी व्हावयाचें होतें, तें जवळच्या झटापटींतही बेभरंवशाचें ठरलें. अर्थात् चूक कबूल करावी लागली, आणि १८५९ चा नमुना निघाला. त्यांत व्यास तोच, गुळगुळीतपणा तोच, पण नळीची भिंत मुळापासूनच जाड.

ही दुरुस्ती कारागिरीच्या दृष्टीनें योग्यच होती. कोरून काढलेलें लोखंड पुन्हां भरून येत नाहीं. म्हणून जुनी नळी डागडुजी करून चालविण्याऐवजीं नवी नळी करणें हाच खरा उपाय होता. पण येथें एक गोष्ट उघड दिसते. सरकारनें भिंतीची जाडी दुरुस्त केली, चर मात्र परत दिले नाहींत. कारण चर काढणें ही त्यांच्या लेखीं चूक नव्हतीच. ती योजना होती.

आतां दुसरें रूपांतर पाहूं. १८६४ मध्यें प्रशियानें डेन्मार्कचा पराभव केला, तेव्हां मागून भरण्याच्या बंदुकीचें महत्त्व सर्व युरोपास कळून आलें. इंग्लंडजवळ एन्फील्ड बंदुकांचा प्रचंड सांठा होता. तो टाकून देणें परवडण्यासारखें नव्हतें. सरकारनें कारागिरांकडून योजना मागविल्या, व त्यांतून जेकब स्नायडर या अमेरिकन गृहस्थाची योजना पसंत पडली. तिची कल्पना सोपी होती. नळीचा मागील थोडा भाग कापावा, तेथें बिजागरीचा ठोकळा बसवावा. ठोकळा बाजूस उघडून काडतूस सरकवावें, बंद करून चाप ओढावा. मिनिटास तीन बारांच्या ठिकाणीं दहा बार निघूं लागले.

येथेंही पहिल्याच झटक्यास सर्व ठीक झालें नाहीं. प्रारंभींच्या कागदी पुठ्ठ्याच्या काडतुसांनीं नेम जुन्या ठासणीच्या बंदुकीपेक्षांही वाईट पडूं लागला. अशा प्रसंगीं बंदुकीलाच दोष देऊन ती आणखी कापण्याचा मोह होतो. परंतु वुलिच येथील सरकारी प्रयोगशाळेचे प्रमुख कर्नल बॉक्सर यांनीं दोष नळींत न शोधतां काडतुसांत शोधला. पितळेच्या पातळ पत्र्याची गुंडाळी, तळाशीं लोखंडी चकती, मधोमध स्फोटक टोपी, आणि गोळीचीही नवी घडण, असें त्यांनीं काडतूस बनविलें. पितळ बाराच्या दाबानें फुगून मागची फट बंद करी, म्हणून धूर व ज्वाला मागें येत नसत. याच बंदुकीचा नेम आतां मूळ एन्फील्डपेक्षां सरस ठरला. पुढें काडतूस फुटल्यास ठोकळा झटक्यासरशी उघडतो असा अनुभव आला, तेव्हां तिसऱ्या नमुन्यांत ठोकळ्यास अडकवणारी कडी बसविण्यांत आली. स्वतः स्नायडर मात्र १८६६ मध्येंच कर्जबाजारी अवस्थेंत वारले. आपल्या कल्पनेचा विजय पाहणें त्यांच्या नशिबीं नव्हतें.

या दोन रूपांतरांची रणांगणावर गांठ पडली ती १८६८ मध्यें, हबसाणांत. मुंबई सैन्याचे सरसेनापति सर रॉबर्ट नेपियर हे सुमारें १३,००० फौज घेऊन राजा थिओडोर याजवर चालून गेले. या मोहिमेची बहुतेक सर्व तयारी मुंबई बंदरांतून झाली होती. १० एप्रिल रोजीं अरोगीच्या मैदानांत लढाई जुंपली, तेव्हां गोऱ्या पलटणीजवळ स्नायडर बंदुका होत्या व तिच्या झपाट्यापुढें हबशी योद्ध्यांस जवळ येतां येईना. त्याच मैदानावर दुसऱ्या बाजूस पंजाब पायोनियर पलटण लढत होती. तिच्या हातीं गुळगुळीत नळीच्या ठासणीच्या बंदुका होत्या. एक बार झाला कीं पुन्हां दारू, पुन्हां गोळी, पुन्हां गज. शत्रु अंगावर आला आणि तेथील काम शेवटीं संगिनींवर गेलें. ते शिपाई शौर्यानें लढले व लढाई जिंकली गेली, म्हणून या विषमतेची कोणी फारशी वाच्यता केली नाहीं. परंतु एकाच निशाणाखालीं, एकाच दिवशीं, एकाच शत्रूपुढें उभ्या असलेल्या दोन शिपायांपैकीं एकास मरणापासून दूर ठेवणारें हत्यार द्यावें व दुसऱ्यास मरण जवळ येऊं देणारें द्यावें, याचा अर्थ काय?

कोणी म्हणेल, एवढें मोठें बंड नुकतेंच होऊन गेलेलें. राज्यकर्त्यांनीं सावधगिरी बाळगली तर त्यांत नवल काय? नवल नाहीं, हें आम्ही मान्य करितों. परंतु सावधगिरी व अविश्वास यांत भेद आहे. सावधगिरी कारण संपलें म्हणजे संपते. अविश्वासाची रीत पडून जाते. मुंबई सैन्याच्या बहुतेक पलटणी त्या बंडांत सरकारकडेच राहिल्या होत्या, तरी त्यांसही त्याच मापानें मोजण्यांत आलें. गोऱ्यांस मार्टिनी-हेन्री मिळाली तेव्हां एतद्देशीयांस स्नायडर मिळाली. गोऱ्यांस ली-मेटफर्ड मिळाली तेव्हां यांस मार्टिनी. १८९७ च्या सरहद्दीवरील युद्धांतही हा एका पिढीचा फरक कायम होता. तो खऱ्या अर्थानें भरून निघाला तो १९१४ मध्यें, जर्मन सैन्य फ्रान्सांत शिरलें असतां, हिंदी फौज मार्सेय बंदरांत उतरली तेव्हां. तेथें तिला नव्या नमुन्याच्या बंदुका देण्यांत आल्या. जें अर्ध्या शतकाच्या निष्ठेस मिळालें नाहीं तें गरजेस एका दिवसांत मिळालें.

जुनी खोड मात्र गेली नव्हती. इंग्रजी अमदानींत बंगाल्यांतील इशापूरच्या कारखान्यांत ली-एन्फील्डच्या नळ्या कोरून पहारेकऱ्यांसाठीं ०.४१० इंची गुळगुळीत बंदुका करण्यांत आल्या, आणि एका वेळीं एकच काडतूस भरतां यावें म्हणून पेटीच्या जागीं लांकडी ठोकळा बसविण्यांत आला. ही १८५८ चीच युक्ति. परंतु १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर त्याच इशापुरानें त्याच घराण्यांतील बंदूक ७.६२ मिलिमीटरच्या नव्या काडतुसासाठीं बनविली, तेव्हां काम निराळ्या मनानें झालें. नव्या काडतुसाचा दाब अधिक, हें ओळखून जुन्या सांगाड्यास नुसती नवी नळी न जोडतां सांगाड्याचें पोलादच अधिक बळकट घेण्यांत आलें. शिपायास कमी द्यावयाचें नसून अधिक द्यावयाचें होतें; म्हणून चूक होण्यापूर्वींच तिचा विचार झाला.

हत्याराच्या दुरुस्तीचे दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारांत, बॉक्सर यांच्याप्रमाणें, मूळ हेतु चांगला असतो व चूक केवळ साधनांत असते. ती शोधली कीं काम पूर्वीपेक्षांही चांगलें होतें. दुसऱ्या प्रकारांत चूक हेतूंतच असते. तेथें कारागीर नळीची भिंत हवी तितकी जाड करो, त्याला फक्त फुगवटा थांबवितां येतो. त्या नळीच्या आंत जे चर कोरून काढलेले असतात ते केवळ लोखंडाचे नसतात; आणि ते पुन्हां पाडण्याचें काम कोणत्याही कारखान्याच्या आंवाक्यांतलें नाहीं.