कोड ऑब्फस्केशन : प्रतिकाराचे मोजमाप

प्रोग्रामचे काम तेच ठेवून त्याचा कोड वाचायला अवघड करणे म्हणजे कोड ऑब्फस्केशन. असा कोड रिव्हर्स इंजिनिअरिंगला किती काळ दाद देत नाही, ते ठरवण्याच्या पद्धतींची ही नोंद.

मापे : ऑकलंड विद्यापीठाच्या 1997 च्या अहवालात कोलबर्ग, थॉमबोर्सन व लो यांनी तीन कसोट्या मांडल्या : वाचणाऱ्याचा गोंधळ किती वाढतो, गुंता आपोआप सोडवणारे साधन बनवायला व चालवायला किती खटपट करावी लागते, आणि प्रोग्रामचा वेग व आकार यांत किती भुर्दंड बसतो. पहिल्या कसोटीसाठी कोडची लांबी, फांद्या, एकात एक गुंतलेल्या अटी मोजतात. आकडे झटपट निघतात, म्हणून हीच जास्त वापरली जाते. माणूस नेमका कुठे अडतो, ते मात्र त्यांतून क्वचितच कळते.

मर्यादा : सर्व प्रोग्रामांना लागू पडेल असे परिपूर्ण ऑब्फस्केशन अशक्य (बराक व इतर, 2001).

वाहनांचा कोड : तळेगाव दाभाडे–चाकण या वाहन उद्योगाच्या पट्ट्याच्या दृष्टीने ईसीयूमधला (गाडीच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रकातला) कोड महत्त्वाचा. चाकणला 2009 पासून कारखाना असलेल्या फोक्सवॅगनचे डिझेल प्रकरण 2015 मध्ये उघड झाले. कोडमधली उत्सर्जन चाचणी ओळखणारी अट ईसीयू पुरवणाऱ्या बॉशच्या कागदपत्रांत इंजिनाच्या आवाजाशी संबंधित म्हणून नोंदलेली होती. लपवाछपवी गुंत्यापेक्षा नावात होती. बोखुम व सॅन दिएगोच्या संशोधकांनी (2017) ट्यूनिंगवाल्यांमध्ये फिरणारी ही कागदपत्रे हाताशी धरून सुमारे 900 फर्मवेअर तपासले. 400 हून अधिकांत संशयास्पद यंत्रणा सापडली. पहिल्या कसोटीच्या मोजणीत ना नाव धरले जाते, ना फुटलेला कागद. पुण्याच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेने तर कोड न उघडता, गाड्या रस्त्यावर चालवून धूर मोजला. कंपनीने भारतात 3,23,700 गाड्या परत बोलावल्या. नियमभंग मात्र मान्य केला नाही. हरित लवादाने 2019 मध्ये 500 कोटींचा दंड केला, त्याच्या वसुलीसाठी सक्ती करण्यास सर्वोच्च न्यायालयाने मनाई केली.

सद्यःस्थिती : आयएसओ/एसएई 21434 (2021) या मानकात हल्ल्याची सुकरता ठरवण्याच्या एका पद्धतीत लागणारा वेळ, कौशल्य, वस्तूची माहिती, मिळणारी संधी व साधने यांना गुण देतात. प्रस्तुत विषयाला हीच पद्धत अधिक जवळची, कारण हल्लेखोराला आधीपासून काय ठाऊक आहे ते ती विचारते. वाहनांच्या सायबर सुरक्षेचे भारतीय मानक एआयएस-189 हे आहे. त्यात ऑब्फस्केशनसाठी वेगळे माप नाही.