शोधशब्द

शोधशब्द : महाजालावर माहिती शोधताना शोधयंत्रास जो शब्द वा शब्दसमूह पुरवावा लागतो तो. यंत्र आपले काम निमिषार्धात उरकते; त्याने पुढे टाकलेल्या ढिगातून हवे ते पान वेचण्यात मात्र माणसाची दुपार खर्ची पडते. ही दुपार वाचवावयाची, तर शोधावयाच्या वस्तूची नोंद ज्याने प्रथम केली त्याने ती कोणत्या नावाखाली, कोणत्या लेखनाने आणि कोणत्या जिल्ह्याच्या दप्तरी केली असेल, याचा विचार कळफलकास हात लावण्यापूर्वीच करावा लागतो. रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यातील, खोपोलीनजीकचे मौजे साजगाव या विचारास फार सोयीचे असल्याने पुढील दाखले बहुतांशी त्याच परिसरातले आहेत.

प्रथम लेखन. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार निकालात काढला, तरी पाट्या, शिक्के आणि जुने छापील कागद यांवर ‘साजगांव’ अद्याप टिकून आहे. वाचणाऱ्यास दोन्ही एकच. यंत्रास मात्र अनुस्वार हे स्वतंत्र अक्षरचिन्ह असल्याने दोहोंचा शोध वेगवेगळा घेतलेला बरा. रोमन लिपीत तर आकारासाठी एक ‘ए’ की दोन, हे लिहिणाऱ्याच्या मर्जीवर असते. त्यातही युनिकोडपूर्व टंकांत घडवलेली मराठी पाने डोळ्यांस स्वच्छ मराठी दिसतात, परंतु आत निराळीच रोमन अक्षरे असल्यामुळे देवनागरी शोधशब्दाच्या जाळ्यात ती कधीच सापडत नाहीत.

दुसरी अडचण नामसादृश्याची. ‘कर्जत’ एवढेच लिहिले असता रायगडातील कर्जत आणि अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचे अहमदनगर, जिल्ह्यातील कर्जत यांची सरमिसळ होते. अशा वेळी नको असलेल्या शब्दापूर्वी जागा न सोडता वजाचे चिन्ह द्यावे. ‘जामखेड’ हा एकच शब्द असा वजा केला, की घाटावरच्या कर्जताची बरीचशी पाने आपोआप बाजूस सरतात.

जिल्ह्यांच्या फेरबदलाने होणारा घोटाळा याहून खोल आहे, आणि त्यात जाणते लोकही फसतात. रायगड हे जिल्ह्याचे नाव १९८१ पासूनचे. त्यापूर्वीचा जिल्हा कुलाबा. म्हणून जुना मजकूर ‘कुलाबा’ या शब्दाने शोधावा, हे कोणासही सुचते; परंतु कर्जत तालुका १८९१ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता आणि खालापूर त्या काळी कर्जताच्याच पोटात असे. परिणामी मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये या मुलखाचे वर्णन १८८३ च्या कुलाब्याच्या खंडात न मिळता १८८२ च्या ठाण्याच्या खंडांत पाहावे लागते. प्रस्तुत नोंदलेखकाची एक अखंड दुपार कुलाब्याच्या खंडात गेली, आणि त्यात दोष शोधयंत्राचा खचित नव्हता. खोपोलीचेही तसेच : १८५६ साली आगगाडी घाटाच्या पायथ्याशी जिथवर पोहोचली ते ठिकाण इंग्रजी कागदांत ‘कॅम्पूली’ म्हणून नोंदलेले आहे, आणि हे ठाऊक नसणाऱ्यास त्या काळची खोपोली नकाशावरून पुसली गेल्यासारखी वाटते.

साजगावची कार्तिकातली यात्रा ‘बोंबल्या विठोबाची यात्रा’ म्हणून ओळखली जाते. तीत सुक्या मासळीचा मोठा बाजार भरतो, आणि तुकाराम महाराज व्यापारासाठी या बाजूस येत असत अशी लोकपरंपरा आहे. या यात्रेच्या शोधात मराठीचे सामान्यरूप आडवे येते. अवतरणचिन्हांत घातलेले शब्द यंत्र शक्यतो अक्षरशः जुळवते, पानातल्या पानात शोधतानाही तसेच होते. त्यामुळे ‘बोंबील’ लिहिणाऱ्यास ‘बोंबलाचा भाव’ दिसत नाही. पानातल्या पानात शोधताना ‘बोंब’ एवढाच समान भाग द्यावा हा उपाय आहे खरा, पण मग सुकट व शंखध्वनी यांचे पीक एकत्रच हाती येते! कोणी ‘यात्रा’ लिहितो, कोणी ‘जत्रा’. शिवाय यात्रा तिथीवर चालते, इंग्रजी तारखेवर नव्हे. म्हणून वर्ष न दिलेल्या पानावरची तारीख निरुपयोगी समजावी आणि शोधशब्दात साल अवश्य घालावे. घरात पंचांग असेल तर ते आधी उघडावे.

लोकांचा सर्वाधिक वेळ जातो तो सातबाऱ्यात. ‘महाभूलेख’ या शासकीय संकेतस्थळावर रायगड जिल्हा, खालापूर तालुका आणि गाव अशा क्रमाने निवड करून सर्व्हे अथवा गट क्रमांक दिला, की उतारा समोर येतो. क्रमांक नसल्यास नावाने शोधता येते, पण तिथेच गाडी अडते; कारण वारसनोंद झालेली नसेल तर जमीन अजून आजोबांच्याच नावावर असते आणि नातू स्वतःचे नाव नाना तऱ्हांनी लिहून थकतो. अशा माणसाने संगणकासमोर बसण्याआधी घरातली पत्र्याची पेटी उघडावी : एखादा जीर्ण उतारा किंवा फेरफाराची नक्कल मिळाली, की तिच्यावरचा क्रमांक मिनिटात काम करतो. क्रमांक सापडलाच नाही तर निदान आजोबांचे नाव कागदावर जसे लिहिले असेल तसेच, ‘रामा’ असल्यास ‘रामचंद्र’ न करता, द्यावे. एका खात्याखालच्या सर्व जमिनी पाहावयाच्या असल्यास सातबारा एकेक न चाळता ८अ हा खातेउतारा घ्यावा. स्वाक्षरीविना दिसणारा उतारा केवळ पाहण्यापुरता असतो. कामकाजासाठी डिजिटल स्वाक्षरीचा उतारा १५ रुपये भरून मिळतो, हे आधी ठाऊक असले तर कचेरीतली एक खेप वाचते. शोधयंत्रामार्फत ‘महाभूलेख’कडे जाताना वरच्या जाहिराती ओलांडाव्यात, किंवा रोमन लिपीत ‘साइट’ हा शब्द, त्यास लागून अपूर्णविराम आणि संकेतस्थळाचा पत्ता लिहून शोध तेवढ्यापुरता बांधून घ्यावा.

पेटीतला कागद मोडीत निघाला, तर त्याचे छायाचित्र काढून यंत्रापुढे धरण्यात सहसा वेळ दवडू नये. मोडी वाचणारा माणूस गाठावा, आणि त्याने क्रमांक व नाव बाळबोधीत उतरवून दिले की मग शोधास बसावे.