इंदूरचा राजवाडा

इंदूरमध्ये कोणी नुसते ‘राजवाडा’ म्हटले, तर पुष्कळदा त्याला वाडा अभिप्रेत नसतो. त्याच्या भोवतीची बाजारपेठ अभिप्रेत असते. इतके हे नाव शहराच्या अंगवळणी पडले आहे. मल्हारराव होळकरांनी १७४७ च्या सुमारास या वास्तूचे काम आरंभिले. त्यांच्या पश्चात अहिल्याबाईंनी राज्यकारभार महेश्वरी नेला, तरी पेठ म्हणून इंदूर वाढतच राहिले.

१८०१ मध्ये यशवंतराव होळकरांनी उज्जैनीस शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. त्याच वर्षी शिंद्यांच्या वतीने सर्जेराव घाटगे इंदुरावर चालून आले. शहर लुटले गेले, वाडा पेटला. मराठ्यांच्या वाड्याला मराठ्यांनीच लावलेली ही आग होती. होळकरशाहीचा गौरव गाताना हे पान सहसा उलटले जाते. ते उलटू नये.

१८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर इंदूर राजधानी झाले आणि दुसऱ्या मल्हाररावांच्या कारकिर्दीत, दिवाण तात्या जोग यांच्या पुढाकाराने, वाडा पुन्हा उभारला गेला. त्याची दर्शनी बाजू सात मजली: खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. भार पेलायचा तेथे दगड, उंची गाठायची तेथे हलके लाकूड, असा हा हिशेब. प्रवेशद्वाराच्या लाकडी कवाडांवर लोखंडी खिळे ठोकलेले आहेत. कमानी मोगली वळणाच्या, झरोके राजपुती. पण आत शिरताच चौक लागतो आणि त्याभोवती दालनांची मांडणी दिसते, तेव्हा हा मराठी वाडाच आहे याविषयी शंका उरत नाही. बाहेरून माळव्याचा, आतून दख्खनचा, असे त्याचे रूप आहे.

मात्र ज्या लाकडाने उंची दिली, तेच आगीचे भक्ष्य ठरले. १९८४ च्या दंगलीत मागील भाग जळून गेला; दर्शनी बाजू तेवढी बचावली. तो भाग अनेक वर्षे भग्नावस्थेत होता. पुढे २००७ च्या सुमारास चुना, विटा, दगड व लाकूड वापरून जुन्या पद्धतीने त्याची पुनर्बांधणी पूर्ण झाली. नव्या बांधकामाला जुने म्हणू नये, हा आक्षेप रास्तच आहे. परंतु १८१८ नंतर जे उभे राहिले, तीही पुनर्बांधणीच होती. होळकरांचे कुलदैवत मल्हारी मार्तंड याचे देवघर आजही वाड्यात आहे.