सात निबंधांचा हिशेब



मी बी.ए. झालेला मास्तर. जन्मभर इतिहास आणि मराठी शिकवलं. रसायनशास्त्र शाळेतच सुटलं. तरी आज एका रसायनशास्त्रज्ञाविषयी लिहितोय, त्याला कारण आमची नात. तिची पीएच.डी. झाली, आता नोकरीसाठी अर्ज चाललेत. परवा जेवताना म्हणाली, "आबा, माझा एच-इंडेक्स फक्त सहा. बाकी अर्ज वाचायच्या आधी तोच बघतात." चेहरा अगदी निकालाच्या दिवशीच्या मुलासारखा!

हे काय प्रकरण आहे ते तिच्याकडूनच समजून घेतलं. तुमच्या शोधनिबंधाचा उल्लेख इतरांनी आपल्या निबंधात किती वेळा केला ते मोजायचं. यूजीन गारफिल्ड यांनी १९६४ साली अशा उल्लेखांची सूची काढायला सुरुवात केली. पुढे २००५ मध्ये हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने सूत्र मांडलं. दहा निबंधांचे प्रत्येकी किमान दहा उल्लेख झाले असतील, तर एच-इंडेक्स दहा.

मग नातीनेच रिचर्ड हेक यांचं नाव सांगितलं, आणि माझ्यातला इतिहासाचा मास्तर जागा झाला.

हेक यांचा जन्म १५ ऑगस्ट १९३१चा, अमेरिकेतला. लहानपणी बागेतल्या झाडांमुळे, ऑर्किडमुळे, त्यांना रसायनशास्त्राची गोडी लागली. पुढे ते डेलावेअरमधल्या हर्क्युलिस या कंपनीत संशोधक झाले. तिथे असताना, १९६८ साली, अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचे एकापाठोपाठ सात निबंध आले. सातही एकट्याच्या नावाने.

विषय होता पॅलेडियम हा धातू वापरून कार्बनला कार्बन जोडण्याचा. हे दोन अणू आपल्याला हवे तिथे जोडणं महाकठीण. पॅलेडियम मध्यस्थाचं काम करतो. दोन्ही पक्षांना एकत्र बसवतो, लग्न लागलं की मोकळा होऊन पुढच्या स्थळाकडे जातो. म्हणून तो थोडासाच पुरतो. यालाच उत्प्रेरक म्हणतात.

१९७१ साली जपानमध्ये मिझोरोकी यांनी याच अभिक्रियेचं सुधारलेलं रूप प्रसिद्ध केलं. हेक यांनी स्वतंत्रपणे तेच १९७२ मध्ये मांडलं. मिझोरोकी १९८० साली अकालीच गेले. हेक तोवर डेलावेअर विद्यापीठात शिकवत होते. पण पुढे संशोधनाला पैसा मिळेना, आणि १९८९ मध्ये त्यांनी निवृत्ती घेतली. नंतर पत्नीच्या देशात, फिलिपाइन्समध्ये, राहायला गेले.

औषध कंपन्यांनी या अभिक्रियेचा खरा उपयोग सुरू केला तो पुढच्या काळात. नॅप्रोक्सेन ही वेदनाशामक गोळी अशा पद्धतीने बनवता येते. शेवटी २०१० साली नेगिशी आणि सुझुकी यांच्यासह हेक यांना नोबेल मिळालं. तेव्हा ते ७९ वर्षांचे होते आणि निवृत्त होऊन २१ वर्षं झाली होती! नोबेल मृतांना देत नाहीत, त्यामुळे मिझोरोकींच्या वाट्याला उरलं ते अभिक्रियेच्या नावातलं स्थान. हेक २०१५ मध्ये मनिलात वारले.

आता गणित बघा. १९६८च्या त्या सात निबंधांचे प्रत्येकी हजार उल्लेख झाले, तरी तेवढ्यांवर एच-इंडेक्स सातच! नातीपेक्षा एकाने जास्त.

आणखी एक गंमत. शोध फार रुळला की लोक नुसतं 'हेक अभिक्रिया' लिहितात, मूळ निबंधाचा उल्लेखही करत नाहीत. गुरुत्वाकर्षण म्हणताना न्यूटनच्या ग्रंथाचा हवाला कोण देतं? समाजशास्त्रज्ञ मर्टन यांनी हा प्रकार नोंदवून ठेवला आहे. म्हणजे काम सगळ्यांचं झालं की मोजणीतून निसटायला लागतं.

हे सगळं नातीला ऐकवलं. ती हसली आणि म्हणाली, "आबा, हे अर्जात कुठे लिहू?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेकडो अर्ज आले तर निवडणाऱ्यांनी तरी काय करावं? मीसुद्धा वर्षानुवर्षं मुलांची टक्केवारी फळ्यावर लिहीतच होतो की. कोणाचं बी केव्हा उगवणार आहे, हे त्या खडूला कुठे कळत होतं...

असो. पोरीने आज आणखी एक अर्ज धाडला आहे. तुमचे आशीर्वाद असू द्या.