दिवसाची शिदोरी

सूर्य तळपतो दिवसां, आणि घराला दिवा लागतो रात्रीं. हें अंतर ओलांडावयाचें तर दिवसाच्या विजेची शिदोरी बांधून ठेवणें प्राप्त आहे. या शिदोरीच्या इतिहासांत एक नवल आहे. शिदोरीचें फडकें आधीं विणलें गेलें. त्यांत सूर्याची वीज बांधण्याची सोय मात्र ९५ वर्षांनंतर झाली.

इ. स. १८०० मध्यें इटलींतील व्होल्टा यानें आपल्या विद्युत्घटाची वार्ता जगाला कळविली. परंतु त्या घटांतील जस्त झिजलें कीं घटाचें आयुष्य संपे. फ्रान्समधील गॅस्टन प्लान्टे यानें १८५९ मध्यें शिशाचे दोन पत्रे गुंडाळून सौम्य गंधकाम्लांत बुडविले आणि त्यांतून बाहेरची वीज सोडली. पुढें त्याच पत्र्यांनीं घेतलेली वीज परत दिली! रिता झालेला घट पुन्हां भरतां येऊं लागला. मात्र पत्र्यांच्या अंगीं पुरेशी शक्ति येण्यास ते पुनःपुन्हां भरावे व रिते करावे लागत, आणि या कामीं महिनेच्या महिने जात. १८८१ मध्यें कामीय फोर यानें पत्र्यांवर शेंदराचा लेप दिला. शेंदूर हें शिशाचेंच एक रूप असल्यामुळें ती खटपट पुष्कळ कमी झाली.

सूर्यप्रकाशापासून वीज उत्पन्न होते हें एडमंड बेकरेल यानें १८३९ मध्येंच दाखविलें होतें. पण ती वीज अत्यल्प होती. १९५४ मध्यें अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत चॅपिन, फुलर आणि पिअरसन या तिघांनीं सिलिकॉनचा सौरघट सिद्ध केला. पडलेल्या प्रकाशापैकीं शेंकडा सुमारें ६ भागाची तो वीज करी. पुढल्याच वर्षीं, १९५५ मध्यें, जॉर्जिया राज्यांतील अमेरिकस गांवाजवळ शेतकऱ्यांच्या टेलिफोनला हे सौरघट जोडण्यांत आले. दिवसां उरलेली वीज बॅटरींत जाई आणि रात्रीं तीच टेलिफोन चालवी. आजच्या सौर घराचा हा धडा तेथें गिरविला गेला. मात्र सिलिकॉन महाग असल्यानें सामान्य घरापर्यंत तो पोंचण्यास बराच काळ लागला.

आतां प्रश्न राहिला भरण्याचा. श्रोत्यांनीं येथें गांवच्या तळ्याची आठवण करावी. थेंबें थेंबें तळें सांचतें हें खरें. परंतु सांडवा नसेल तर भरलेलें तळेंच बांध फोडतें. बॅटरीचेंही तसेंच आहे. शिशाच्या १२ व्होल्टांच्या बॅटरींत सहा घट असतात. ती रिती असतां सूर्य देईल तेवढी वीज तिला घेऊं द्यावी. दाब सुमारें १४·४ व्होल्टांवर आला कीं तो तेथेंच रोखून धरतात. मग प्रवाह आपोआप ओसरत जातो. पूर्ण भरल्यावर दाब सुमारें १३·५ व्होल्टांवर उतरवून केवळ झीज भरून काढतात. हा सांडवा राखणारें यंत्र म्हणजे नियंत्रक. रात्रीं बॅटरींतील वीज उलट सौरपट्टींत जाऊं नये, हेंही तोच पाहतो.

अति भरलें तर घटांतील पाण्याचें विघटन होऊन ज्वालाग्राही हायड्रोजन निघतो. म्हणून जागा हवेशीर लागते. नेहमीं अर्धेंच भरलें तर पत्र्यांवर शिशाच्या क्षाराचे कठीण स्फटिक जमतात व घटाची शक्ति क्षीण होते. पावसाळ्यांत हा दुसरा दोष अधिक संभवतो.

१९९१ मध्यें लिथियम-आयन घट बाजारांत आले; त्यांच्या जनकांना, गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो यांना, २०१९ चें नोबेल पारितोषिक मिळालें. हे घट हलके आणि दीर्घायुषी खरे, पण स्वभावानें अधिक मानी. त्यांच्या प्रत्येक घटावर निराळी नजर ठेवावी लागते, आणि पूर्ण भरतांच भरणें थांबवावें लागतें. गोठणाऱ्या थंडींत ते भरल्यास आंत धातुरूप लिथियम सांचून कायमची हानि होते.

सौरपट्टी वीस-पंचवीस वर्षें टिकते. शिशाची बॅटरी बहुधा त्याच्या कितीतरी आधीं दम सोडते. चुकीच्या भरण्यानें ती अकालीं गेली, तर गरिबाच्या घरीं छपरावर सूर्य असूनही खालीं पुन्हां रॉकेलची चिमणी पेटते. सूर्य देतांना हात आंखडीत नाहीं; किती घ्यावें आणि कोठें थांबावें, हें घेणारानेंच शिकावयाचें असतें.