पोपेरे, राहीबाई
पोपेरे, राहीबाई सोमा : (१९६४–). देशी वाण जपणाऱ्या शेतकरी. ‘बीजमाता’ म्हणून ख्यात. जन्म अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, महादेव कोळी समाजात. शाळेचे तोंड पाहिले नाही. बियाण्यांची पारख मात्र पक्की. नातवंडांच्या आजारपणाचा संबंध त्यांनी कीटकनाशकांच्या फवारणीच्या भाज्यांशी जोडला आणि कोंभाळणे गावातील परसबागेत गावठी वाण लावले. वालाच्या तर कितीतरी जाती त्यांच्या वेलांवर चढल्या. वाळलेले बी राखेत घोळून मडक्यात ठेवायचे, तोंड शेणामातीने लिंपायचे : कीड लागत नाही. ही साधी रीत हेच त्यांचे खरे विद्यापीठ. ‘बायफ’ या संस्थेच्या साहाय्याने घरीच बियाणे बँक उभी राहिली. २०१८ मध्ये बीबीसीच्या शंभर महिलांच्या यादीत निवड; २०२० मध्ये पद्मश्री.